युरोपातल्या वसंतात पॅराग्लायडिंग: आकाश स्वच्छ असूनही हवा एवढी का उसळते?

एप्रिलचा शेवटचा आठवडा. आल्प्सच्या शिखरांवर अजून बर्फ आहे, खालच्या कुरणांत पिवळी फुलं आली आहेत आणि आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. फोटो काढणाऱ्याला याहून चांगला दिवस मिळणार नाही. पॅराग्लायडिंग करणाऱ्याला मात्र हाच दिवस वर्षातला सगळ्यांत दमवणारा ठरू शकतो, आणि अंदाज चुकला तर सगळ्यांत महागात पडणाराही.

पाऊस असेल, वादळ असेल, वारा सुटला असेल तर कुणीच उडत नाही. त्यामुळे खराब हवेत निर्णय सोपा असतो. वसंतातला प्रश्न आहे तो चांगल्या दिसणाऱ्या दिवसाचा.

हिवाळाभर घरात बसलेले युरोपातले पायलट मार्चपासून गाड्यांवर सामान लादून आल्प्सच्या दक्षिण उतारांकडे निघतात. त्यांची अडचण सरळ आहे: हात गंजलेले असतात. तिथल्या प्रशिक्षण संस्था दर वसंतात याच गोष्टीची आठवण करून देतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या पायलटची गोष्ट वेगळी आहे. कामशेतचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा चालतो, म्हणजे एप्रिलमध्ये तो ऐन सरावात असतो. पण तो सराव वेगळ्या हवेतला असतो, आणि हात बसलेला असल्यामुळे हा फरक त्याच्या उशिरा लक्षात येतो.

ऊन ऑगस्टचं, हवा हिवाळ्याची

सूर्य आकाशात किती वर चढतो, याचा हिशेब 21 जूनच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच असतो. त्यामुळे 21 एप्रिलच्या दुपारी सूर्य जितका वर असतो, जवळपास तितकाच तो 21-22 ऑगस्टला असतो. उन्हाच्या ताकदीच्या दृष्टीने आल्प्समधला एप्रिल हा उन्हाळाच आहे.

हवा मात्र अजून हिवाळ्यातून पुरती बाहेर आलेली नसते. जमीन, तळी, डोंगरांवरचा बर्फ आणि वरचे हवेचे थर तापायला आठवडेच्या आठवडे लागतात. आल्प्सच्या उत्तरेकडच्या दऱ्यांत एप्रिलचं सरासरी तापमान ऑगस्टपेक्षा साधारण आठ-दहा अंशांनी कमी असतं. भट्टी पेटली आहे, पण खोली अजून गार आहे, अशी ही अवस्था.

त्यात डोंगराचा उतार भर घालतो. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकनच्या अक्षांशावर 21 एप्रिलला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 55 अंश वर असतो. दक्षिणेकडे तोंड केलेला, 35 अंशांचा डोंगरउतार घेतला तर ऊन त्याच्यावर बरोबर काटकोनात पडतं. सपाट शेतापेक्षा तो उतार कितीतरी लवकर तापतो. झाडांना अजून पालवी पुरती फुटलेली नसते, त्यामुळे पानांतून पाणी उडून जाण्यात खर्च होणारी उष्णताही तिथल्या वाळल्या गवताला आणि खडकाला मिळते.

तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होते आणि बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. हाच थर्मल. पॅराग्लायडरला इंजिन नसतं, तो सतत हळूहळू खालीच येत असतो. खाली येण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वर जाणारी हवा सापडली, तरच तो उंची मिळवतो. गिधाडं आणि घारी हेच करतात.

थर्मल किती जोरात वर जाईल हे ठरवणारा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोरडी हवा वर जाताना दर 100 मीटरला सुमारे 1 अंश सेल्सिअसने गार होते, कारण वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते. भोवतालची हवा सरासरीने दर 100 मीटरला सुमारे 0.65 अंश गार होत जाते. भोवतालची हवा इतक्या संथपणे गार होत असेल, तर वर जाणारा बुडबुडा थोड्याच उंचीवर तिच्याइतका गार होतो आणि थांबतो. वसंतात थंड वाऱ्यांची लाट नुकतीच येऊन गेली की वरची हवा एकदम गारठते. मग भोवतालच्या हवेचा उतरता आकडाही 1 च्या जवळ जातो. बुडबुडा कितीही वर गेला तरी शेजारच्या हवेपेक्षा ऊबदारच राहतो आणि सुसाट वर जातो.

म्हणून पावसानंतरचा लख्ख, स्वच्छ, थंड दिवस हा पायलटांचा आवडता असतो आणि त्याच कारणाने सगळ्यांत आडदांडही असतो.

विंगला काय होतं?

उन्हाळ्यातले थर्मल बऱ्याचदा रुंद आणि समजूतदार असतात. वसंतातले अरुंद, जोरकस आणि धारदार कडांचे. आतली हवा सेकंदाला 5 मीटर वर जात असेल, म्हणजे दर सेकंदाला जवळपास दीड मजला, तर थर्मलच्या बाहेर लागूनच खाली येणारी हवाही असते. वर गेलेल्या हवेची जागा कुणीतरी भरायला हवीच.

आता पॅराग्लायडरचा वेग पाहू. ब्रेक सोडून साधं उडताना तो ताशी साधारण 36 ते 38 किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 10 मीटर. समोरून 10 मीटरने येणाऱ्या हवेत अचानक खालून 5 मीटरचा झोत मिसळला, तर विंगवर हवा येण्याची दिशाच बदलते. प्रवासी विमानाला हाच झोत लागला तर कपातला चहा हिंदकळेल एवढंच, कारण त्याचा स्वतःचा वेग सेकंदाला 200 मीटरहून जास्त असतो. पॅराग्लायडरसाठी तो झोत त्याच्या वेगाच्या निम्मा आहे.

शिवाय या विंगमध्ये काठी, दांडा, सांगाडा असं काही नसतं. पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि त्या हवेच्या दाबावरच कापडाला आकार येतो. थर्मलमध्ये शिरताना विंग मागे रेलते, बाहेर पडताना पुढे झेपावते. ही झेप वेळीच ब्रेकने रोखली नाही आणि विंगवर वरून हवा आली, तर एक बाजू मिटते. त्या बाजूला विंग वळू लागते. पुरेशी उंची असेल तर बहुतेक सोप्या वर्गातल्या विंग आपोआप उघडतात. डोंगराच्या अगदी जवळ असताना तेवढी उंची नसते.

सतत हातात दाब जोखत राहणं, विंग पुढे जाऊ लागली की ओढणं, मागे राहिली की सोडणं, याला पायलट ‘ॲक्टिव्ह फ्लाइंग’ म्हणतात. हे वाचून येत नाही, आणि थंडीभर शांत हवेत उडून ते टिकतही नाही. मैदानावर उभं राहून वाऱ्यात विंग डोक्यावर धरून ठेवण्याचा सराव, म्हणजे ग्राउंड हँडलिंग, इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. परदेशात पोचल्यावर पहिला अर्धा दिवस लँडिंगच्या मैदानात याच कामात घालवणाऱ्याला पाहून कुणी हसलं, तर हसू द्यावं.

कामशेतच्या सवयी तिथे कुठे अडतात?

कामशेत किंवा पाचगणीला बरीचशी उड्डाणं डोंगराला आडव्या येणाऱ्या वाऱ्यावर होतात. वारा उताराला धडकतो, वर चढतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेच्या पट्ट्यात पायलट कडेकडेने इकडून तिकडे फिरत राहतो. टेकडी काही शे मीटरची, लँडिंग समोर दिसणारं, आणि वारा कुठून येतोय हे दिवसभर बहुतेक एकच उत्तर. थर्मल इथेही मिळतात, एप्रिल-मेच्या दुपारी चांगले जोरकस मिळतात. पण एकूण रचना साधी आहे: डोंगर एक, वारा एक.

आल्प्समध्ये एकाच दुपारी तीन वेगवेगळे वारे असू शकतात. शिखरांच्या वरचा मोठ्या हवामानाचा वारा, उन्हाने तापलेल्या उतारावरून वर चढणारा वारा आणि दरीच्या तळातून वाहणारा वारा. टेक-ऑफवर समोरून छान झुळूक येत असते आणि तीच झुळूक पायलटला फसवते. ती उताराची झुळूक असते. वर 300 मीटर गेल्यावर वारा उलट दिशेचा निघाला तर आपण डोंगराच्या पाठीमागच्या, घुसळलेल्या हवेत आहोत हे तेव्हा कळतं.

हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला वसंतात उडलेल्या पायलटला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथलं टेक-ऑफ सुमारे 2,400 मीटरवर आहे, मागे धौलाधारचा बर्फ असतो आणि मार्च-एप्रिलचे थर्मल ऑक्टोबरच्या तुलनेत दांडगे असतात. युरोपात जाण्याआधी बीरला एक वसंत काढणं ही बहुधा सगळ्यांत स्वस्त तयारी.

एक फरक उंचीचाही आहे. 2,000 मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे 18 टक्के विरळ असते. तेवढाच आधार मिळवायला विंगला साधारण 10 टक्के जास्त वेगाने जावं लागतं. टेक-ऑफला चार पावलं जास्त धावावं लागतं आणि वर कुठे उतरायची वेळ आली तर जमीन जरा जास्तच वेगाने पायाखाली येते. पायाखाली ओला बर्फ असेल तर धावणंही घसरगुंडीचं.

बर्फाची रेषा, सकाळची शांतता आणि घड्याळ

बर्फ ऊन परावर्तित करतो आणि आपल्याजवळची हवा गार ठेवतो. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली घसरते. त्याच उताराच्या खालच्या, बर्फ वितळलेल्या भागावरून गरम हवा वर चढत असते. दोन्हींची गाठ बर्फाच्या रेषेपाशी पडते आणि तिथून थर्मल उसळून निघतो. म्हणून अनुभवी पायलट वसंतात थर्मल शोधायला बर्फाची रेषा धरून जातात. नवख्याने त्या रेषेच्या वर, पांढऱ्या उतारावर जाऊन थर्मलची वाट पाहिली तर तो फक्त खाली येत राहतो.

सकाळची गोष्ट आणखी फसवी. रात्रभर गार हवा दरीत साचते आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. झाकण आहे तोवर खाली सगळं निवांत असतं. दहा-अकरा वाजता उडालेला माणूस ‘अगदी लोण्यासारखी हवा होती’ म्हणत उतरतो. ऊन वाढतं, झाकण फुटतं आणि तोपर्यंत अडून राहिलेली गरम हवा एकदम सुटते. सकाळच्या लोण्यावर विसंबून दुपारी दीडला पुन्हा वर गेलेल्या पायलटला जी हवा मिळते, तिचा सकाळशी काही संबंध नसतो.

इथे घड्याळही गोंधळ घालतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे केली जातात. त्यानंतर इंटरलाकनला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी साधारण दीड वाजता. पुण्यात एप्रिलमध्ये तो साडेबाराच्या सुमारास येतो. ‘तीन वाजले, आता ऊन कललं’ ही पुण्यातली सवय तिथे जवळपास एका तासाने चुकते. डोंगराळ भागातला जोर दुपारी दोन ते पाच या वेळात सर्वाधिक असतो. संध्याकाळ मात्र लांब असते. एप्रिलअखेर सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, आणि सहा-साडेसहानंतर हवा निवळली की कितीतरी सुंदर उड्डाणं तेव्हा होतात.

टेक-ऑफला झुळूक, लँडिंगला वारा

डोंगरदऱ्यांत दिवसा वारा दरीच्या तोंडाकडून आत, वरच्या दिशेने वाहतो आणि रात्री उलट. दरीतली हवा बाहेरच्या मैदानी हवेपेक्षा लवकर तापते, तिची जागा भरायला बाहेरची हवा आत येते. जितकं ऊन चांगलं तितका हा वारा जोराचा. मोठ्या दऱ्यांत दुपारी तो ताशी 30 किलोमीटरच्या वर सहज जातो. स्वित्झर्लंडमधली रोन नदीची दरी, विशेषतः मार्तिन्यीच्या आसपासचा भाग, यासाठी प्रसिद्ध आहे. इटलीतल्या गार्डा तळ्यावर दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या अशाच वाऱ्याला ‘ओरा’ असं नावच आहे. विंडसर्फिंग करणारे त्याची वाट पाहतात, पॅराग्लायडर त्याआधी उतरायचं बघतात.

हिशेब पुन्हा वेगाचाच. विंग ताशी 37 किलोमीटरने पुढे जातेय आणि समोरून 35 चा वारा आला, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ती हवेत टांगल्यासारखी दिसते. वारा 40 झाला की ती मागे जाऊ लागते. मागे वीजवाहिन्या असतात, द्राक्षमळे असतात, घरं असतात.

नवख्याला याची कल्पना येत नाही, कारण टेक-ऑफवर यातलं काहीच जाणवत नाही. 1,200 मीटर खाली मैदानात काय चाललंय, हे वरून फक्त झेंड्यांवरून, धुरावरून आणि तळ्यावरच्या लाटांवरून ओळखता येतं. टेक-ऑफला जाण्याआधी लँडिंगच्या मैदानात जाऊन उभं राहणं, तिथल्या लोकांना ‘दुपारी इथे वारा किती वाजता येतो’ एवढंच विचारणं, हा या सहलीतला सगळ्यांत उपयोगी अर्धा तास आहे. स्थानिक पायलट मिनिटांत उत्तर देतात.

फोन: गरम वाऱ्याचा इशारा

आल्प्सच्या एका बाजूने हवा चढून दुसऱ्या बाजूने उतरू लागली की ती उतरताना दर 100 मीटरला 1 अंश तापत येते. कोरडी, ऊबदार आणि वादळी. या वाऱ्याला ‘फोन’ म्हणतात. जर्मनमध्ये केस वाळवण्याच्या यंत्रालाही हाच शब्द आहे, यावरून त्याची जात कळावी. आल्प्सच्या उत्तरेकडच्या दऱ्यांत दक्षिणेचा फोन वसंतात वारंवार येतो.

गंमत अशी की फोनच्या दिवशी आकाश कमालीचं स्वच्छ असतं. डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात. दरीच्या तळाशी गार हवा साचून राहिलेली असेल तर खाली पानही हलत नाही, आणि वर हजार मीटरवर वादळ चालू असतं. मग कधीतरी ते खाली कोसळतं. शिखरांवर साचून बसलेली ढगांची भिंत आणि भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत, जागच्या जागी थांबलेले ढग ही त्याची नेहमीची चिन्हं.

पायलट यासाठी एक ठोकताळा वापरतात: आल्प्सच्या दक्षिणेचं लुगानो आणि उत्तरेचं झुरिक यांच्यातला हवेच्या दाबाचा फरक. लुगानोचा दाब 4 हेक्टोपास्कल किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तरेकडे उडण्याचा विचार सोडायचा. वारा उत्तरेकडून असेल तर फोन इटलीच्या बाजूला उतरतो आणि दक्षिणेकडची ठिकाणं बंद पडतात. हा आकडा हवामानाच्या संकेतस्थळांवर रोज मिळतो. तो न पाहता बॅग उचलणं म्हणजे धरणाचं पाणी सोडलंय का हे न विचारता नदीत उतरणं.

सुरुवात बासानोपासून का करतात?

इटलीच्या व्हेनेतो भागातलं बासानो देल ग्राप्पा हे गाव वसंतातल्या सुरुवातीसाठी पायलटांमध्ये वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 130 मीटरवर. त्याच्या उत्तरेला 1,775 मीटरचा माँते ग्राप्पा. पहिल्या महायुद्धात इथे मोठ्या लढाया झाल्या, शिखरावर सैनिकांचं भव्य स्मारक आहे. पायलटांना महत्त्वाचं वाटतं ते या डोंगराचं तोंड. तो आल्प्सच्या अगदी कडेला, दक्षिणेकडे पाहत उभा आहे, आणि समोर थेट सपाट मैदान आहे. आतल्या दऱ्यांचे गुंतागुंतीचे वारे इथे तुलनेने कमी. उंच डोंगर अजून बर्फात असताना हे उतार कोरडे होऊन उडण्याजोगे असतात. सेमोंझोजवळचं लँडिंग मोठं आहे, आणि काही बिनसलं तर मैदानाकडे वळून उडत सुटता येतं.

म्हणजे बासानो सुरक्षित आहे असं नाही. समोरचं मैदान दमट असतं, त्यामुळे ढग खाली बसतात आणि डोंगर धूसर होतो. सुट्टीच्या दिवशी एकाच थर्मलमध्ये डझनभर विंग गोल फिरत असतात. थर्मलमध्ये जो आधी फिरतोय त्याच्याच दिशेने आपणही फिरायचं, आणि डोंगराकडेने समोरासमोर आल्यास ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याला वाट द्यायची, हे नियम इथे पाठ नकोत, अंगवळणी हवेत. कामशेतला रविवारी उडणाऱ्याला ही गर्दी निदान नवी नसते.

फ्रान्समधलं आनसी, तळ्याकाठचं आणि तितकंच प्रसिद्ध, साधारण मे-जूनमध्ये जास्त सोसतं. पहिल्याच दिवशी आतल्या खोल दऱ्यांत जाऊ नये, एवढं यातून घ्यायचं.

सुट्टीचं गणित

हवा समजून घेणं तसं शक्य असतं. अवघड असतं ते स्वतःला आवरणं. शेंगेन व्हिसा, विमानाचं तिकीट, ऑफिसातून मोठ्या मिनतवारीने मिळालेली आठ दिवसांची रजा. त्यातले दोन दिवस पावसात गेले. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, टेक-ऑफवर चाळीस लोक उडतायत, आणि आपण नुसतं बघत बसायचं? हा हिशेब प्रत्येक पायलटच्या डोक्यात चालतो. पण दोन दिवसांच्या पावसानंतरचं पहिलं ऊन म्हणजे वर गार हवा, खाली तापता उतार. सगळ्यांत आडदांड हवा आणि सगळ्यांत मोठी घाई नेमकी एकाच दिवशी येते.

म्हणून निर्णय टेक-ऑफवर घ्यायचाच नाही, निघण्याआधी घ्यायचा. आठ दिवसांच्या सहलीत चार दिवस उडायला मिळाले तर चांगलं, असं आधीच मानून चालायचं. पहिल्या दोन दिवशी फक्त सकाळी आणि संध्याकाळी उडायचं, आणि दुपारी खाली बसून इतरांच्या विंगकडे बघायचं. विंग पेंडुलमसारख्या झुलताहेत का, कुणाच्या कडा मिटताहेत का, लँडिंगला लोक कसे येताहेत, हे अर्धा तास पाहिलं की त्या ठिकाणची दुपार कळते. रात्रीच्या विमानाने येऊन, अर्धवट झोपेत, त्याच दुपारी उडणं तर नकोच.

नवी विंग या सहलीसाठी राखून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. युरोपीय मानकांत विंगचे ए, बी, सी, डी असे वर्ग असतात, ए सगळ्यांत सोशिक. वसंतातल्या अनोळखी हवेत वरच्या वर्गाची नवीकोरी विंग पहिल्यांदा उघडणं हे दोन परीक्षा एका दिवशी देण्यासारखं आहे. रिझर्व्ह पॅराशूट वर्षात एकदाही उघडून नव्याने घडी घातलं नसेल तर ते निघण्याआधी करून घ्यावं. आणि प्रत्येक उड्डाणात एकदा हात त्याच्या हँडलपर्यंत न बघता जातो का, हे तपासावं.

थंडीला महाराष्ट्रातला पायलट हमखास कमी लेखतो. लँडिंगला 18 अंश असले तरी 2,000 मीटर वर तापमान शून्याच्या आसपास असतं. त्यात ताशी 40 किलोमीटरचा वारा तोंडावर, म्हणजे कातडीला ते उणे 7 सारखं लागतं. बोटं बधिर झाली की ब्रेकमधला दाब कळत नाही, आणि वर लिहिलेलं ॲक्टिव्ह फ्लाइंग तिथेच संपतं. जाड हातमोजे इथे चैनीची वस्तू राहत नाहीत.

दुपारनंतर ढग उभे वाढू लागले तर खाली यायचं, कितीही छान चाललं असलं तरी. ढग वाढताना खालची हवा शोषून घेतो. 2007 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे सराव उड्डाणात जर्मनीची पायलट एव्हा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली आणि 9,900 मीटरहून वर पोचली. ती बेशुद्ध झाली, बर्फाने माखली, आणि तरीही जिवंत उतरली. त्याच वादळात ओढला गेलेला चिनी पायलट वाचला नाही. ते प्रसंग टोकाचे, पण ज्या ढगाखाली आपोआप उंची मिळतेय तो ढग आपल्याला सोडेलच असं नाही, हे दर वसंतात नव्याने कुणाला तरी कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचं आयपीपीआय कार्ड जवळ असलं की परदेशात आपली पातळी दाखवता येते. इटलीत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. नेहमीच्या प्रवास विम्यात पॅराग्लायडिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचं बिल लाखांत जातं, तेव्हा पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचावंच. युरोपभर आणीबाणीचा क्रमांक 112. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव सेवा ‘रेगा’चा 1414.

आणि जे फक्त टँडम करणार आहेत?

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांच्या यादीत इंटरलाकनचं टँडम उड्डाण असतं. बेआटेनबर्गच्या बाजूने उडायचं, दोन तळ्यांच्या मधून यायचं आणि गावाच्या मध्यावरच्या होहेमाटेच्या कुरणात उतरायचं. विंग पायलट सांभाळतो, प्रवाशाला फक्त सुरुवातीला धावायचं असतं. ‘धावा’ म्हटल्यावर थांबा म्हणेपर्यंत धावायचं. अर्ध्यात खाली बसणारे प्रवासी हाच टँडम पायलटांचा मोठा ताप असतो.

वसंतात टँडमसाठीही सकाळची वेळ घ्यावी. हवा शांत असते आणि पोट ढवळण्याची शक्यता कमी. दुपारची वेळ मिळाली आणि पायलटने आकाशाकडे बघून ‘आज नको’ म्हटलं, तर हुज्जत घालू नये. वर निळं आकाश दिसतंय म्हणून तो बहाणा करतोय असं मुळीच नसतं. उड्डाण मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी न ठेवता पहिल्या दिवशी ठेवलं, तर रद्द झालं तरी पुढचा दिवस हाताशी राहतो.